गाडी येते, हे कोणी सांगायचं?

"मॅडम, गाडी तर येते मला, फक्त लायसन काढाचं आहे." नागपुरात मोटार शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पहिल्या दिवशी हेच बोलतात. आमच्या घरात हा धंदा दुसऱ्या पिढीचा. आधी बाबांनी शिकवलं, आता मी शिकवते. बाबा स्वतः शिकत होते त्या काळात शिकणारा माणूस असं वाक्य बोलत नसे, कारण गाडी येते की नाही हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नसायचाच. तो अधिकार दुसऱ्याकडे असायचा. तिथून तो हळूहळू सरकत पोराच्या स्वतःच्या हातात कसा आला, ते मला लिहून ठेवायचं आहे. कायदे कधी झाले ते ग्रंथालयात सापडतं. ही सरकासरक मात्र शिकवणाऱ्यांच्या घरातच ठाऊक आहे, आणि बाबांच्या पिढीतली माणसं आता फार उरली नाहीत.

बाबा १९६०च्या दशकात क्लीनर म्हणून ट्रकवर चढले. पश्चिमेकडून कोलकात्याला जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग आणि वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा सात नंबरचा, दोन्ही नागपुरात एकमेकांना छेदायचे. त्यामुळे चारी दिशांचे ट्रक इथे थांबायचे आणि क्लीनरच्या कामाला पोरं कमी पडत नसत. या पोरांचं शिक्षण स्टिअरिंगपासून फार लांब सुरू व्हायचं. टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखायची. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, काच पुसायची. चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे डावी बाजू सांभाळणं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावीकडची सायकल, बैलगाडी, रस्त्याची खचलेली कड दिसत नाही. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर आलेला असायचा आणि "आन दे", "थांब", "जाऊ दे" असं ओरडत असायचा. स्टिअरिंगला हात लागण्याआधी काही वर्षं हा मुलगा रस्ता पाहण्याचंच काम करत होता, आणि त्याचं पाहणं चुकलं तर त्याच क्षणी उस्तादाची, म्हणजे शिकवणाऱ्या ड्रायव्हरची, शिवी पडत होती.

मग पायऱ्या. आधी आवारातल्या आवारात गाडी मागेपुढे लावणं. मग रिकामी गाडी, पहाटेचा सरळ रस्ता आणि शेजारी उस्ताद. भरलेली गाडी त्यानंतर. सिवनीच्या अलीकडचा कुरईचा घाट सगळ्यांत शेवटी. कोणत्या पायरीवर कधी चढायचं ते उस्ताद ठरवायचा. बाबा सांगत, त्यांच्या उस्तादाने त्यांना कधी "चांगली चालवतोस" म्हटलं नाही. एका रात्री जबलपूरच्या रस्त्यावर तो सीटमागच्या फळीवर आडवा झाला आणि झोपून गेला. बाबांना कळलं, आपल्याला गाडी येते.

ही पद्धत सोन्याची होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात मार होता, फुकटची राबणूक होती, आणि उस्तादाच्या वाईट सवयीही चेल्याकडे जशाच्या तशा उतरत. बायकांना तर त्या केबिनमध्ये जागाच नव्हती. अपघात तेव्हाही होत. तरीही एक गोष्ट तिच्यात होती जी पुढे कुठल्याच पद्धतीत राहिली नाही: रोज शेजारी बसून, तासन् तास तुमचं चालवणं पाहणारा दुसरा माणूस.

कायद्याने या माणसाची जागा घेण्याचा प्रयत्न बराच आधी सुरू केला होता. ज्यांच्याकडून आपण कायदा घेतला त्या इंग्लंडमध्ये १९०३च्या कायद्याने मोटारीचा परवाना सक्तीचा झाला, पण पाच शिलिंग भरले की तो मिळे. चालवून दाखवायची गरज नव्हती. तिथे सक्तीची चाचणी आली ती १९३५ मध्ये. हिंदुस्थानात १९१४च्या मोटार वाहन कायद्याने परवाना आणि अठरा वर्षांची अट आणली. १९३९च्या कायद्याने आणखी मोठं काम केलं. त्याच्या परिशिष्टात चालवण्याच्या लायकीची चाचणीच कलमवार लिहून दिली: गाडी सुरू करणं, वळणं घेणं, दुसऱ्या वाहनाला ओलांडणं, नेहमीसारखं आणि अडचणीच्या वेळी थांबवणं, मागे घेणं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. पुढे १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, नागपूरची प्रांतिक परिवहन सेवा १९६१ मध्ये एसटी महामंडळात मिसळली. राज्यं बदलली, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, पण १९३९ची ती चाचणी पन्नास वर्षं टिकली. उस्तादाने पाहिलेल्या वर्षांच्या जोडीला आता इन्स्पेक्टरने पाहिलेली काही मिनिटं आली. ट्रकच्या लायनीत दोन्ही चालत. पण पांढरपेशा घरातला मुलगा, ज्याच्या वाट्याला उस्ताद कधी आलाच नव्हता, त्याच्यासाठी ती काही मिनिटंच सगळं होती.

ही पोकळी भरायला मोटार ड्रायव्हिंग स्कूल आली. बाबांनी ट्रक सोडून एक जुनी फिएट घेतली, तिच्या डाव्या बाजूला दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि शिकवायला लागले. धरमपेठ, रामदासपेठेतले डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि थोड्या वर्षांनी त्यांच्या बायका आणि मुली त्यांच्याकडे येऊ लागल्या. उस्तादाकडे काही वर्षं होती, बाबांकडे काही आठवडे. हा फरक त्यांना कायम खुपायचा.

१ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्याच्याबरोबर केंद्रीय नियम आले. आमच्या धंद्याला पहिल्यांदा नीट चौकट मिळाली. खासगी गाडी शिकवायची तर किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास, शिकणाऱ्यांचं रजिस्टर, कुणी कोणत्या दिवशी किती वेळ चालवली त्याची नोंद. लर्निंग लायसन सहा महिन्यांचं, पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबायचं, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस. चाचणीत काय पाहायचं त्याची यादी नियम १५ मध्ये आहे. ती यादी मी दर बॅचला वाचून दाखवते, कारण ती मन लावून केलेली आहे. आरसा नीट करणं, चढावर थांबून गाडी मागे न घरंगळता पुन्हा निघणं, वळण्याआधी आरशात बघणं. आणि त्यातच एक अट अशी की उमेदवाराला दुसऱ्या वाहनाला ओलांडता आलं पाहिजे, तसंच दुसऱ्याला आपल्याला ओलांडून जाऊ देताही आलं पाहिजे. जाऊ देणं हे कौशल्य आहे असं कायदा म्हणतो! माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

पण चाचणीच्या मैदानावर काय होतं? दुचाकीला आठाचा आकडा, चारचाकीला आठ किंवा एच. पाय न टेकवता आठ काढला, खांब न पाडता एचमध्ये मागे आलं, की झालं. हे मैदान राज्यभर, देशभर साधारण असंच आहे. दोष एका कार्यालयाचा नाही, गर्दीच तेवढी आहे. मात्र आठाच्या आकड्यात दुसरी गाडी नसते. तिथे कुणाला जाऊ द्यायचं नसतं, कुणाचा अंदाज घ्यायचा नसतो. जी गोष्ट मोजली जाते तीच मुलं शिकतात, आणि ती आली की सगळं आलं असं समजतात.

आता लुनाकडे येते, कारण नागपूरच्या माझ्या पिढीला गाडी खऱ्या अर्थाने तिनेच शिकवली. लुना १९७२ मध्ये पुण्याहून आली. पन्नास सीसी, गेअर नाही, पॅडल मारून सुरू करायची, पेट्रोल संपलं तर पॅडल मारतच घरी यायचं. आमच्या सपाट, रुंद रस्त्यांच्या शहरात तिचं फार जमलं. शाळेतल्या बाई तिच्यावर, बँकेतले काका तिच्यावर, संत्र्याच्या दिवसांत टोपल्या तिच्यावर. नव्या कायद्याने पन्नास सीसीपर्यंतची बिनगेअरची गाडी सोळाव्या वर्षापासून, पालकांच्या संमतीने, चालवायला परवानगी दिली. म्हणजे सोळा ते अठरा ही दोन वर्षं मुलं अशा गाडीवर काढत, जिला पळताच यायचं नाही. शंकरनगर चौकात डावीकडून येणाऱ्या स्कूटरचा अंदाज चुकला तरी वेग इतका कमी की ब्रेक दाबायला वेळ मिळायचा, आणि चुकल्याचं कळायचंही. स्कूटरवाला थांबून चार शब्द ऐकवून जायचा. वर्ध्याच्या रस्त्यावर उलट्या वाऱ्यात लुना अशी दमायची की आपण रस्त्यावरचे सगळ्यांत दुबळे आहोत हे सोळाव्या वर्षीच अंगात मुरायचं. बाबा म्हणत, लुनावरून आलेलं पोर शिकवायला सोपं, त्याला आरसा सांगावा लागत नाही.

ही पायरी कुणी कायद्याने काढली नाही. ती बाजारातून गेली. मुलींची गाडी ठरलेली स्कूटी साठ सीसीची, म्हणजे तेव्हाच मर्यादेच्या वर. २०००च्या सुमारास आलेली अॅक्टिव्हा शंभर सीसीच्या वरची. पन्नास सीसीच्या पेट्रोल गाड्या दुकानांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. कायद्यातलं सोळा वर्षांचं कलम तसंच राहिलं, त्या कलमात बसणारी गाडी मात्र राहिली नाही. घराघरांतल्या सोळा वर्षांच्या मुलांनी दाराशी उभी असलेली आईची अॅक्टिव्हा काढली आणि ट्यूशनला निघाली. आई-वडिलांनी काढू दिली, कारण लुना त्यांनीही त्याच वयात चालवली होती. दोन्हींत वेगाचं केवढं अंतर आहे हे कुणी थांबून पाहिलं नाही. धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये छोट्या रस्त्यांवर, छोट्या सिग्नलपाशी आपण लहान मुलांना फार प्रेमाने नियम शिकवतो. त्या पार्कमधून बाहेर पडल्यापासून अठराव्या वर्षापर्यंत मधल्या काळात त्यांना शिकवणारं आता काहीच नाही.

मुलं स्वतःला चांगला चालक समजतात ही काही नागपूरची खासियत नाही, हे मला पुस्तकं वाचू लागल्यावर कळलं. अमेरिकेत सिएटलला १९६५ मध्ये दोन संशोधकांनी पन्नास अशा चालकांना विचारलं, जे अपघात होऊन इस्पितळात पोचले होते; आणि पन्नास अशांना, ज्यांना अपघात झाला नव्हता. दोन्ही गटांनी आपापल्या कौशल्याला जवळपास सारखेच, वरचे गुण दिले. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे इस्पितळातल्या पन्नासांपैकी ३४ जण अपघाताला स्वतः जबाबदार होते. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना, आपल्याच गटातल्या इतरांशी तुलना करून, आपण कुठे बसतो ते सांगायला लावलं. अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला कौशल्यात वरच्या अर्ध्यात बसवलं.

याहून जास्त मला हलवून गेली ती शिकवण्यासंबंधीची गोष्ट, कारण ती थेट माझ्या धंद्यावर येते. नॉर्वेने १९७९ मध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढे तपासलं तर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. १९९६ मध्ये स्वीडनच्या ग्रेगरसनने नव्या चालकांचे दोन गट केले. एका गटाला निसरड्या जागी गाडी कशी सावरायची ते जमेल तितकं शिकवलं. दुसऱ्याला तिथे आपलं कौशल्य किती अपुरं पडतं ते अनुभवायला लावलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कौशल्य सारखंच निघालं. फरक एवढाच की पहिला गट स्वतःला खूप जास्त येतं असं मानत होता. म्हणजे शिकवणाराच मुलाचा अंदाज बिघडवू शकतो. हे वाचल्यावर मी "शाबास, जमलं!" म्हणताना नीट विचार करून म्हणते.

माझ्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर मी एक रकाना आखते. पक्क्या लायसनच्या चाचणीआधी शिकणाऱ्याने स्वतःला दहापैकी गुण द्यायचे: क्लच आणि गेअरला, मागे घेण्याला, आरशाला, दुसऱ्याला जाऊ देण्याला, समोरचा काय करेल त्याच्या अंदाजाला. मग शेजारी मी माझे गुण लिहिते. क्लच-गेअरचे आमचे गुण बहुतेक जुळतात. मागे घेण्याचेही जुळतात. आरसा आणि जाऊ देणं या दोन ओळींवर मुलांचे गुण माझ्यापेक्षा कितीतरी वर असतात. मुलींचं बरेचदा उलटं, उत्तम आरसा पाहणारी मुलगी स्वतःला पाच देते.

मला याचं कारण साधं वाटतं. क्लच चुकला की गाडी हिसका देऊन बंद पडते, मागून हॉर्न वाजतात, आणि मुलाला चूक तिथल्या तिथे कळते. आरशात पाहिलं नाही तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. मागचा सांभाळून घेतो, समोरचा ब्रेक मारतो, आणि कट मारून गेलेल्या पोराला वाटतं की आपण सफाईने गेलो. जिथे गाडी बोलते तिथे मुलांचा अंदाज बरोबर असतो. जिथे गाडी गप्प राहते तिथे शेजारच्या माणसाने बोलावं लागतं. उस्ताद ते करायचा, लुनाही तिच्या परीने करायची.

आणि आता आपण शेजारचा माणूस आणखी लांब नेला आहे. जून २०२१ पासून महाराष्ट्रात लर्निंग लायसनची परीक्षा घरी बसून देता येते. लोकांच्या चकरा वाचल्या, ते चांगलं झालं. पण मोटार वाहन कार्यालयातल्या माणसाशी होणारी पहिली नजरभेटही गेली. रस्तेही असे आले की ते चूक दाखवतच नाहीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग खुला झाला. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. चौक नाही, सायकल नाही, गाय नाही. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी इथल्या अपघातांमागे 'हायवे हिप्नॉसिस'चं, म्हणजे सलग एकसुरी रस्त्याने भान हरपण्याचं कारणही सांगितलं. मैदानावर आठ काढून आलेला मुलगा पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन या रस्त्यावर जातो. तासभर काहीही होत नाही, आणि दर मिनिटाला त्याची स्वतःबद्दलची खात्री वाढत जाते.

२०१९ची कायद्यातली दुरुस्ती नागपूरचेच खासदार असलेल्या नितीन गडकरींनी मांडली. त्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याची जबाबदारी पालकांवर किंवा गाडीच्या मालकावर टाकली: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे मला योग्य वाटतं. पण ही सगळी शिक्षा घडून गेल्यानंतरची आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ६६.५ टक्के १८ ते ४५ वयाची. शिक्षेने त्यांतलं कुणी परत येत नाही.

शेजारचा माणूस परत आणायचे काही प्रयत्न या शहरात झाले आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवले. समोरच्या वाहनाशी अंतर कमी झालं किंवा गाडी लेन सोडू लागली की यंत्र ड्रायव्हरला आवाज देतं. ते पाहिलं तेव्हा मला बाबांचा क्लीनर आठवला. पण प्रत्येक घरच्या गाडीत असं यंत्र यायला वेळ आहे, आणि अठरा वर्षांचा मुलगा ते बंद करून ठेवणार नाही याची खात्री कोण देईल?

परिवहन खात्याला माझी एक विनंती आहे. पक्क्या लायसनच्या चाचणीच्या कागदावर उमेदवाराने स्वतःला दिलेल्या गुणांचा एक रकाना घाला, आणि इन्स्पेक्टरचे गुण त्याच्या शेजारी छापून तो कागद मुलाच्या हातात द्या. फिनलंडमध्ये चाचणीच्या वेळी उमेदवाराकडून स्वतःचं मूल्यमापन करून घेण्याची पद्धत राबवली गेली आहे. आपल्याला त्यासाठी नवं मैदान लागणार नाही, नवा खांब लागणार नाही.

आणि ज्यांच्या घरात नुकतं लायसन आलं आहे त्या आई-बाबांना सांगते: समृद्धीवर जायला चावी देण्याआधी एका संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसा आणि त्याला सीताबर्डीच्या गर्दीतून गाडी न्यायला सांगा. निघण्याआधी त्याने स्वतःचे गुण कागदावर लिहावेत. परत आल्यावर तुम्ही तुमचे लिहा, आणि आरशाच्या ओळीवर थांबून बोला.